नानांची वाटणी

सुखदेव नाना गेल्याचं मला फोनवरून कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. आमच्या घरापासून त्यांचं घर चालत पाच मिनिटांवर. मध्ये एक नाला, शाळा आणि बुद्धविहाराचं पटांगण, एवढंच. पाच मिनिटांवरची ही बातमी मला साक्रीहून एका जुन्या शिक्षकाने कळवली. आमच्या गावात सध्या काय चाललं आहे, याचा अंदाज यावरून यावा. गावाचं नाव मी लिहीत नाही. जामनेर तालुका, पहूरपासून जवळ, एवढं पुरे. नाव लिहिलं की लोक मजकूर वाचायचा सोडून कोण कोण ते ओळखत बसतील.

मी आणि नाना एकाच गावचे, पण आमची ओळख झाली ती दीडशे-दोनशे किलोमीटर लांब, साक्री तालुक्यातल्या एका डोंगराळ गावाच्या शाळेत. ते तिथे आधीपासून मास्तर होते आणि मी नवा. एकाच गावचे दोघे म्हणून हेडमास्तरांनी आम्हाला एकाच खोलीत ढकललं. दोघांच्याही मनात काय आलं असेल ते त्यांना कुठून कळणार? आमचं केळी-कापसाचं शेतकरी घर, गावातली जुनी पिठाची गिरणी आमची. नाना नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले. गावात आम्ही एका ओट्यावर बसलो नसतो. साक्रीत नऊ वर्षं एका ताटलीतून चटणी खाल्ली.

ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, तेव्हा खोलीत मला ‘तू’ म्हणायचे. सुट्टीला आम्ही एकाच एसटीने निघायचो. धुळे, जळगाव, मग पहूर. पहूरच्या स्टँडवर उतरलो की नाना एक पाऊल मागे राहायचे आणि म्हणायचे, “चला भाऊ, तुम्ही व्हा पुढे.” पहिल्या वेळी मला हसू आलं. मी म्हटलं, “नाना, हे काय नवीन?” ते म्हणाले, “नवीन नही. जुनंच शे.” पुढे मला त्याची सवय झाली, आणि आता वाटतं, सवय व्हायला नको होती.

नाना दिसायला किरकोळ. पांढरा शर्ट, इस्त्री कडक, खिशाला दोन पेनं. आवाज इतका खालचा की शेवटच्या बाकावरची पोरं आपोआप पुढे येऊन बसत. कोणत्याही नव्या गावी गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. पाणी कुठे, दवाखाना कुठे, एसटी किती वाजता, हे आपण विचारतो. नाना विचारत, “आठे गिरणी कोनाकडे शे?” गिरणी कोणाची आहे आणि तो कोणत्या बाजूचा, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. खोलीत त्यांच्या खाटेखाली एक लहान दगडी जातं होतं. शिवाय पंधरा दिवस पुरेल एवढ्या पिठाचा डबा. डबा अर्धा झाला की अस्वस्थ व्हायचे. मी त्यांची भरपूर टिंगल केली. एकटा पुरुष, सरकारी नोकरी, गावात दोन गिरण्या, आणि हा माणूस रविवारी सकाळी जात्याला टाकी लावून दगड खरबरीत करून घेतो!

दुसरी तऱ्हा याहून विचित्र होती. नानांना बहुमतात बसवत नसे. शाळेची सहल कुठे न्यायची यावर हात वर करायला सांगितले की नाना आधी खोलीभर नजर फिरवत आणि ज्या बाजूला हात कमी असतील तिथे आपला हात टाकत. पण फार कमी असतील, एखाद-दुसराच, तर मात्र उलट. हेडमास्तर त्यांना ‘तराजू मास्तर’ म्हणत. शिक्षकांच्या पतपेढीची निवडणूक आली तेव्हा त्यांनी मला धुळ्याच्या रस्त्यावर सरळ सांगितलं, “तू तिकडे टाक, मी इकडे टाकस.”

“का पण? आपल्याला दोघांनाही इकडचाच माणूस पटतो ना?”

“पटू दे. एका खोलीतली दोन्ही मतं एकाच ठिकाणी नकोत.”

मी हसलो आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. हसण्यावारी नेलेल्या गोष्टी आयुष्यात किती महाग पडतात, हे मास्तरकीत कोणी शिकवत नाही.

मग धुळ्याला मतमोजणीची ड्युटी लागली. विधानसभेची होती. आम्ही दोघे शेजारच्या टेबलांवर. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मत कोणी कोणाला दिलं ते मशीन सांगत नाही, हे खरं. पण मशीन केंद्राचं असतं, आणि केंद्र एखाद्या पाड्याचं किंवा वस्तीचं असतं. त्या केंद्रावर कोणाला किती पडली ते मोजणीच्या टेबलावर मोठ्याने वाचलं जातं, आणि जाळीपलीकडे बसलेले उमेदवारांची माणसं ते वहीत लिहून घेतात. नानांच्या टेबलावर एका लहानशा पाड्याचं मशीन आलं. सगळी मतं एकाच चिन्हाला. दुसऱ्याला शून्य. जाळीपलीकडच्या माणसाने आकडा लिहिला, पाड्याचं नाव लिहिलं, आणि त्या नावाखाली दोन रेघा मारल्या. एवढंच.

नानांनी पेनाला टोपण लावलं. चहाच्या सुट्टीत ते मला बाहेर घेऊन आले. लिंबाखाली उभे राहिले. म्हणाले, “रेघा पाह्यल्या तू?”

“पाहिल्या.”

“आमनी वस्तीखाले बी अशाच मारेल व्हत्या. तुना आजानी.”

माझ्या आजोबांनी. मग ते आमच्या बोलीत, एका सुरात सांगत गेले. ते चौथीत असतानाची जिल्हा परिषदेची निवडणूक, उमेदवार माझे आजोबा. वस्तीची पेटी वेगळी. नानांच्या वडिलांनी पुढाकार घेतला, सभा घेतली, सगळ्यांनी पहिल्यांदाच एकजुटीने मत टाकलं, आणि माझे आजोबा पडले. वस्तीत हलगी वाजली. दुसऱ्या दिवशी नानांची आई जोंधळ्याची पाटी घेऊन गिरणीवर गेली तर गिरणी बंद. तिसऱ्या दिवशी बंद. दुसऱ्यांची पिठं निघत होती, वस्तीची नाही. शेतात काम नाही. विहिरीवर पाणी नाही. पहूरला चालत जाऊन दळण आणायला निघाल्या त्या बायांना वाटेत अडवून पाट्या उपड्या केल्या.

“मग निवडून आला तो काय करत होता?” मी विचारलं.

“जिकनारा जळगावले निंघी गया, भाऊ. हारनारा गावमाच व्हता.”

पंधरा दिवस त्यांनी ज्वारी अख्खी उकडून खाल्ली. जाती होती, पण ती गिरणी आल्यापासून कोणी वापरली नव्हती. कोणाची खुंटी मोडलेली, कोणाच्या जात्याची दगडी पाळूच फुटलेली. “मना धाकला भाऊ व्हता. दीड वर्साना. त्याले पचनी नही.” यापुढे ते भावाबद्दल काही बोलले नाहीत, त्या दिवशी आणि नंतरही.

आमच्या घरी ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण वेगळी. आमच्या घरी ती अशी सांगत: वर्षभर आपल्या शेतावर राबले, आपलं खाल्लं, आणि ऐन वेळी वस्तीने आजोबांचा घात केला. सणावाराला चार भाऊबंद जमले की ही गोष्ट निघायचीच. गिरणीचा उल्लेख त्यात ओझरता असायचा. मला तेवढंच सुचलं म्हणून मी म्हणालो, “नाना, आमच्याकडे सांगतात, त्या वेळी गिरणीचं इंजिन बिघडलं होतं.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. म्हणाले, “बिघडनं व्हई. आमनापुरतं.”

आणि कप ठेवून ते पुन्हा मोजणीला गेले. मी त्या रात्री घरी पत्र लिहायला बसलो होतो, ते तसंच राहिलं. कोणाला काय लिहिणार होतो, तेही आता आठवत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही गावी आलो. त्यांचा मुलगा जळगावला कंपनीत, तो शनिवार-रविवार यायचा. सून सुजाता गावातच राहायची, सासू-सासऱ्यांजवळ. नाना वस्तीत आल्यावर वडिलांचं काम उलट्या बाजूने करू लागले. निवडणूक कोणतीही असो, मतदानाच्या चार दिवस आधी विहाराच्या पटांगणात वस्ती जमे. वंदना होई, मग नाना चष्मा लावून मतदार यादी उघडत आणि एकेक नाव वाचत. “रमेश, इकडे. रमेशनी बायको, तिकडे. इठाबाई, तिकडे. तुना पोऱ्या, इकडे.” नवरा-बायको वेगळे, भाऊ-भाऊ वेगळे. अर्धी वस्ती एका पॅनलला, अर्धी दुसऱ्याला. मग ते दोन्ही पॅनलच्या पुढाऱ्यांना उघड सांगत, आमची निम्मी तुमची. निकाल लागला की दोघांचीही बेरीज जुळायची. जिंकणारा म्हणायचा, वस्ती आपली आहे. हरणारा म्हणायचा, निदान निम्मी तरी आपली होती. आणि कोणाच्याही नावाखाली रेघ पडायची नाही.

याला गावात नानांची वाटणी म्हणत. लोक वाटेल ते बोलायचे. म्हातारा दोन्हीकडून खातो, असंही बोलायचे. मी छातीवर हात ठेवून सांगतो, नानांनी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. त्यांना पक्ष नव्हता का? होता. साक्रीच्या खोलीत ते तासन्‌तास बोलायचे, पेपरावर खुणा करायचे, एखाद्या भाषणावर त्यांचे डोळे भरून यायचे. एवढा राजकारण कळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि आपल्याला पटतं तिथे मत टाकायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. मी एकदा चिडून म्हणालो, “नाना, ही भीती झाली. विचार नाही.” ते म्हणाले, “भीतीच शे. ती बी घरातूनच मिळस. तुम्हले जमीन मिळनी, आम्हले हाई.”

वस्तीतल्या तरुणांना वाटणी डाचायची, पण ते गप्प बसत. कारण वाटणी चालू झाल्यापासून वस्तीला खरोखर कोणी बोट लावलं नव्हतं.

मग सुजाता उभी राहिली.

ग्रामपंचायतीच्या तीन नंबर वॉर्डात सगळी वस्ती आणि आमची एक गल्ली. इतकी वर्षं तिथली बाईची जागा राखीव असायची, दोन्ही पॅनल वस्तीतलीच एकेक बाई उभी करत, आणि वाटणी आपोआप व्हायची. यंदा जागा सर्वसाधारण निघाली. आमचा पुतण्या विलास, ज्याचं गावात खता-बियाण्याचं दुकान आहे आणि ज्याच्या कापसावर वस्तीतल्या निम्म्या बाया वेचणीला जातात, त्याने आपल्या बायकोचा अर्ज भरला. दुसऱ्या पॅनलने तिथे कोणी उभंच केलं नाही, तेव्हा बिनविरोध होणार असं सगळे धरून चालले होते. शेवटच्या दिवशी सुजाताने जामनेरला जाऊन स्वतःचा अर्ज भरला. नानांना तिने सांगितलं ते परत आल्यावर.

सुजाता जळगावात वाढलेली, पदवीधर, बचत गटाचं काम बघणारी. नळाच्या पाइपसाठी तिने पंचायत समितीत आठ खेटे घातले होते. ती आडून बोलणारी नव्हती. ती म्हणाली, “नाना, वस्तीची मतं त्यांच्या गल्लीपेक्षा जास्त आहेत. वाटणी केली नाही तर मी निवडून येते. इतकं सोपं आहे.”

खरंच सोपं होतं. वस्ती एका बाजूला पडली तर सुजाता येणार, वाटली तर विलासची बायको. मध्ये काही नव्हतं. नाना आठ दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल.

विलास स्वतः त्यांच्या घरी गेला. मला बरोबर घेऊन गेला, म्हणजे शोभेला. खूप गोड बोलला. “नाना, सूनबाईंची हौस आहे, होऊ द्या. वाटणी मात्र नेहमीसारखीच ना?” नाना म्हणाले, “नेहमीसारखीच.” विलासने त्यांचे दोन्ही हात धरले. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, “कापूस यंदा चांगला शे. वेचनीले बठ्ठ्या बाया लागतीन.” बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. यात धमकी कुठे आहे, असं कोणी विचारलं तर दाखवता येणार नाही. पण नानांच्या बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं ते मी पाहिलं.

वाटणीच्या दिवशी दुपारी नानांचा निरोप आला. शाळेच्या ओट्यावर येऊन बसा. शाळेचा ओटा आणि विहाराचं पटांगण यांत फक्त कमरेएवढी भिंत. मला तिथे का बसवलं ते उघड होतं. मी ऐकावं आणि घरी जाऊन सांगावं, की वाटणी झाली.

नाना यादी वाचत गेले. नेहमीसारखी दाद कोणी देत नव्हतं. “तिकडे” म्हटलं की नुसती मान खाली जायची. स्वतःच्या घराशी आले तेव्हा त्यांचा आवाज आणखी खाली गेला. मुलाला त्यांनी इकडे टाकलं. बायकोला इकडे टाकलं. सुजाता उमेदवार, तिचं तिला. मग म्हणाले, “सुखदेव. तिकडे.”

सासरा सुनेविरुद्ध मत देणार आणि तेही बुद्धाच्या मूर्तीसमोर वाचून दाखवणार! मला ओट्यावरून उठून जावंसं वाटलं, पण मी बसूनच राहिलो.

सुजाता उठली. भांडली नाही. ती म्हणाली, “नानांनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. मी काहीच सांगणार नाही. फक्त एवढंच, की मशीनसमोर तुम्ही एकटे असाल. तिथे नाना नाहीत, मी नाही, कोणी नाही.” आणि ती घरी गेली.

मी विलासला जाऊन सांगितलं, वाटणी झाली. मी स्वतः कोणाला मत दिलं ते लिहीत नाही. मला ते न सांगण्याची चैन परवडते, कारण मी विलासचा काका आहे आणि माझं मत कोणी शोधत बसत नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही जामनेरला तहसीलच्या आवारात होतो. सुजाता निवडून आली. वस्तीच्या पोरांनी निळा गुलाल उधळला, बाया रडत होत्या, हसत होत्या, एकीने तर पोलिसालाच गुलाल लावला. मला आनंद झाला. लपवून काय करायचं, झाला. मग मी विलासकडे पाहिलं. तो झाडाखाली उभा राहून हिशेब करत होता. आमच्या गल्लीतून कोण कोण मतदानाला आलं त्याची खुणा केलेली यादी त्याच्याजवळ होती. बायकोला पडलेल्या मतांतून त्या खुणा त्याने दोनदा वजा केल्या आणि यादीची घडी घातली.

“काका,” तो म्हणाला, “वस्तीतून आपल्याले एक मत पडनं. एकच.”

आरडाओरडा केला नाही, शिवी दिली नाही. सुजाताला हार घालायला तो स्वतः पुढे गेला आणि फोटोही काढून घेतला. मला आजोबांची आठवण झाली.

नाना तहसीलला आलेच नव्हते. आकडा त्यांना वस्तीतच कळला असणार. एक मत म्हणजे कोणाचं, हे आमच्या गल्लीला जसं कळलं तसंच वस्तीलाही कळलं. ज्यांनी पटांगणात माना खाली घातल्या होत्या, त्या सगळ्यांनी आत जाऊन आपल्याला हवं तेच बटण दाबलं होतं. यादी पाळणारा एकटा यादी वाचणाराच निघाला. पोरं त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम घोषणा द्यायची. विहारात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची, असं मी ऐकलं.

वेचणी सुरू झाली. वस्तीतल्या बाया भाकरी बांधून नेहमीप्रमाणे सहा वाजता फाट्यावर उभ्या राहिल्या. विलासची पिकअप आली, थांबली नाही. मागे सातपुड्याकडून आणलेली माणसं भरलेली होती. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतकऱ्याची पिकअप तशीच गेली. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याची. गावात कोणी काही बंद केलेलं नव्हतं. पाणी नळाला येत होतं. दुकानं उघडी होती. फक्त वस्तीतल्या माणसाला कोणी कामाला बोलावत नव्हतं, आणि का बोलावत नाही असं विचारलं तर प्रत्येकाकडे वेगळं, चांगलं कारण होतं. सुजाताने तहसीलला अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, बहिष्कार कोणी घातला, नाव सांगा. ती काय सांगणार?

नाना मला शेवटचे दिसले ते दहाव्या दिवशी, दुपारी. मी विलासच्या दुकानात बसलो होतो. कशाला बसलो होतो? तिथे पंखा आहे, पेपर येतो, आणि माझ्याच घरचं दुकान आहे ते. आणखी तिघे-चौघे होते. नाना आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. पायरीखाली उभे राहिले. त्यांच्या मागून सुजाता जवळजवळ धावतच आली.

“विलासभाऊ,” नाना म्हणाले, “मी कबूल करेल व्हतं. मना शब्द खोटा पडना.”

“जाऊ द्या ना नाना. निवडणूक संपली. कोन काय बोली राहिना तुम्हले?”

“बायाले काम नही.”

“ते ठेकेदाराचं शे. यंदा ठेका देल शे. तो त्याची माणसं आणस.”

सुजाताने नानांचा दंड धरला. “नाना, घरी चला. यांच्यापुढे हात जोडायचे नाहीत. आपण काही चुकलेलो नाही.” नाना हलले नाहीत. तेव्हा तिला राहवलं नाही. दहा दिवस घरात जे विचारता आलं नसेल ते तिने भर दुकानासमोर विचारलं. “खरं सांगा. ते एक मत तुमचं होतं?”

“हो.”

“माझ्याविरुद्ध?”

“कोनी तरी एक जन तिकडे पाहिजे व्हता, बेटा,” नाना म्हणाले. “नही तं आज आठे येईसन उभा कोन राहता?”

सुजाताचा त्यांच्या दंडावरचा हात तसाच राहिला. नानांनी मान वर करून विलासकडे पाहिलं आणि म्हणाले, “एक शे. पन शे. तेवढं तरी धरा.”

विलास गल्ल्यामागून उठला, घड्याळाकडे बघून म्हणाला, “चला, जेवायची येळ झाली,” आणि त्याने आतून शटरला हात घातला. इतर तिघे-चौघे मागच्या दाराने घराकडे निघाले. मी खुर्चीतच होतो. शटर खाली यायला लागलं तेव्हा नानांची नजर आत फिरली आणि माझ्यावर थांबली. त्यांनी हाक मारली असती तर मी उठलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. त्यांनी हाक मारली नाही. मी उठलो नाही, थांब म्हणालो नाही, खोकलोसुद्धा नाही. शटर त्यांच्या शर्टापर्यंत आलं, मग गुडघ्यांपर्यंत. खालच्या फटीतून पायरीवरचं ऊन दिसत होतं, आणि त्या उन्हात चार पावलं, दोन नानांची आणि शेजारी दोन सुजाताची. शटर टेकेपर्यंत ती तिथेच होती.